सर्वानुमते

आमच्या बस्तीजवळच्या महिला मंडळाचं प्रोसिडिंग बुक गेली नऊ वर्षं माझ्याकडे आहे. लाल पुठ्ठ्याची लांबट वही. तिच्यात मी एक शब्द शेकडो वेळा लिहिला असेन, ‘सर्वानुमते’. सहलीचा ठराव सर्वानुमते, हळदीकुंकवाची तारीख सर्वानुमते, वर्षाचा हिशेब सर्वानुमते. ‘विरुद्ध एक मत’ असं त्या वहीत एकदाही नाही. मला याचा अभिमान वाटायचा. बायकांचं मंडळ, आणि नऊ वर्षांत वहीत एक भांडण नाही!

मागच्या वर्षी दशलक्षण पर्वाच्या आधी बैठक झाली. हॉलला नवा पडदा आणि खुर्च्या घ्यायच्या होत्या, पैसे कमी पडत होते. कुणीतरी सुचवलं, मुलींच्या फीसाठी बाजूला ठेवलेला फंड यंदा इकडे वळवू, पुढच्या वर्षी भरून काढू. त्या फंडातून दोन मुलींची कॉलेजची फी जायची. हे बैठकीतल्या प्रत्येकीला माहीत होतं. माझ्या पोटात कालवलं. पण अध्यक्षीणबाईंनी ‘मंजूर ना गं?’ म्हणून विचारलं, भराभर हात वर गेले, आणि त्यात माझाही गेला. मग मीच पेनाचं टोपण काढून लिहिलं, सर्वानुमते.

त्या रात्री मला झोप लागली. चांगली लागली. तेच नंतर खटकत राहिलं.

त्याच सुमारास अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या भाचीनं एक फोटो पाठवला. ती वॉशिंग्टनला फिरायला गेली होती. तिथल्या संसद भवनात एका बाईचा ब्राँझचा पुतळा आहे, त्याचा फोटो. नाव जेनेट रँकिन, राज्य मोंटाना. आणि पुतळ्याच्या चौथऱ्यावर त्यांचेच शब्द: मी युद्धाच्या बाजूनं मत देऊ शकत नाही. भाचीनं खाली लिहिलं होतं, ‘मावशी, तुला आवडेल ही बाई.’ मी या बाईंविषयी मिळेल ते वाचत गेले. आवडली की नाही, हे अजून पुरतं ठरलेलं नाही. पण तिनं माझा अभिमान मात्र काढून घेतला.

आधी तिकडची व्यवस्था थोडी सांगते, नाहीतर गोष्ट कळायची नाही. तिकडे काँग्रेस म्हणजे पक्ष नव्हे, संसद. तिची दोन सभागृहं. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे दोन सदस्य, राज्य मोठं असो की लहान, मुदत सहा वर्षं. प्रतिनिधिगृहात 435 सदस्य, ते लोकसंख्येच्या प्रमाणात, आणि मुदत फक्त दोन वर्षं. म्हणजे निवडून येऊन खुर्ची ऊब धरते न धरते तोच पुन्हा मतदारांच्या दारात उभं राहायचं. राष्ट्राध्यक्ष हा सैन्याचा प्रमुख असला, तरी युद्ध पुकारण्याचा अधिकार घटनेनं त्याला दिलेला नाही, तो संसदेला दिला आहे. एका माणसाच्या रागावर हजारो घरांतली मुलं मरायला जाऊ नयेत, असा त्यामागचा विचार.

जेनेट रँकिन 1880 साली मोंटानात जन्मल्या. आई लग्नाआधी शिक्षिका, वडिलांचा गुराढोरांचा मोठा पसारा, भावंडांत ही थोरली. कॉलेज शिकल्या आणि बायकांना मताचा अधिकार मिळावा म्हणून राज्याराज्यांत हिंडल्या. तेव्हा देशभरातल्या बायकांना हा अधिकार नव्हता, एकेक राज्य आपापलं ठरवत होतं. मोंटानात तो 1914 साली मिळाला आणि 1916 साली रँकिनबाई प्रतिनिधिगृहाच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. वकील असलेल्या भावानं, वेलिंग्टननं, पैसा आणि डोकं दोन्ही पुरवलं. मोंटानाला दोन जागा होत्या आणि दोन्ही अख्ख्या राज्यातून भरायच्या होत्या. बाई निवडून आल्या. अमेरिकेच्या संसदेत गेलेली ही पहिली स्त्री. गंमत बघा, देशातल्या कितीतरी बायका अजून मत देऊ शकत नव्हत्या, पण कायदे करायला त्यांच्यातली एक जाऊन बसली होती.

2 एप्रिल 1917 ला त्या सभागृहात आल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फुलं दिली. आणि त्याच संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी संसदेपुढे येऊन जर्मनीविरुद्ध युद्धाची मागणी केली. नवी सून उंबरा ओलांडते न ओलांडते तोच घरातला सगळ्यात जुना तंटा तिच्यापुढे यावा, तसं झालं.

चार दिवस सगळे तिला समजावत होते. भाऊ म्हणाला, पुरुषासारखं मत दे, नाहीतर पुन्हा निवडून येणार नाहीस. स्त्री-मताधिकाराच्या चळवळीतल्या मोठ्या पुढारी, कॅरी चॅपमन कॅट, यांच्या गटाला धास्ती होती की हिनं ‘नाही’ म्हटलं तर लोक म्हणतील, बघा, बायका हळव्या, यांच्या हाती राज्यकारभार कसा द्यायचा? चळवळीतल्याच दुसऱ्या गटाच्या बायका सांगत होत्या की शांततेसाठी उभी राहा. दोन्हीकडून ओढाताण.

6 एप्रिलच्या पहाटे, तीनच्या सुमारास मतदान झालं. तेव्हा तिकडे एकेकाचं नाव पुकारत आणि त्यानं हो किंवा नाही एवढंच म्हणायचं. पहिल्यांदा नाव पुकारलं तेव्हा रँकिनबाई गप्प राहिल्या. दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की मला माझ्या देशाच्या पाठीशी उभं राहायचं आहे, पण मी युद्धाच्या बाजूनं मत देऊ शकत नाही. मतदानाच्या वेळी भाषण करायचं नाही ही जुनी रीत त्यांनी मोडली. निकाल, 373 विरुद्ध 50. वर्तमानपत्रांनी छापलं, बाई रडल्या. त्या रात्री पुरुष सदस्यांच्या डोळ्यांतही पाणी होतं. ला गार्डिया नावाच्या एका सदस्याची गोष्ट सांगतात. रँकिन रडत होत्या का, असं त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, माझेच डोळे भरले होते, मला दिसलं नाही.

इथं मी थांबले. विरुद्ध मतं पन्नास होती. एकोणपन्नास पुरुषांची आणि एक बाईचं. एकोणपन्नास पुरुषांनी ‘नाही’ म्हटलं ते त्यांचं त्यांचं मत. बाईनं म्हटलं ते मात्र सगळ्या स्त्रीजातीचं मत ठरलं. हे आपल्याला नवीन आहे का? घरातल्या एका मुलीनं लग्न मोडलं की मावशी-आत्यांपासून शाळेतल्या मैत्रिणींपर्यंत सगळ्या मुलींवर बोट येतं. मुलग्याचं मोडलं तर ते त्या एकट्याचं नशीब. अशा वेळी आपण ‘इतर बायकांचं नुकसान नको’ म्हणून गप्प बसतो. रँकिनबाईंपुढेही हाच हिशेब होता, आणि तो खोटा नव्हता. मताधिकार खरंच पणाला लागला होता. तरी त्या गप्प बसल्या नाहीत. आणि पुढं झालं काय? 1918 च्या जानेवारीत मताधिकाराच्या घटनादुरुस्तीवरची चर्चा प्रतिनिधिगृहात त्यांनीच सुरू केली, ठराव तिथं पास झाला. सिनेटमध्ये तो त्या वेळी अडला, पण 1920 साली ती दुरुस्ती घटनेत आली. त्यांच्या ‘नाही’मुळं बायकांचं मत बुडालं नाही.

आता खरा प्रश्न. आपण कुणाला तरी निवडून पाठवतो तेव्हा तो आपला निरोप्या असतो की कारभारी? निरोप्यानं आपलं म्हणणं जसंच्या तसं पोचवायचं, स्वतःची अक्कल चालवायची नाही. कारभाऱ्यानं मात्र आपलं हित पाहून स्वतःच्या बुद्धीनं ठरवायचं. इंग्लंडचे एडमंड बर्क यांनी 1774 साली ब्रिस्टलच्या मतदारांना स्पष्ट सांगितलं होतं की मी तुमची सेवा करीनच, पण माझी विवेकबुद्धी तुमच्या मतापुढे गहाण टाकणार नाही. बोलणं मोठं, पण सहा वर्षांनी त्याच ब्रिस्टलमध्ये आपण पडणार हे दिसल्यावर त्यांनी माघार घेतली. विवेकाची किंमत मतदार वसूल करतातच.

मला स्वतःला कारभारी पटतो, पण एका अटीवर. कारभाऱ्यानं आपलं मन आधी उघड करायला हवं. मत मागताना एक आणि खुर्चीत बसल्यावर दुसरं, हा विवेक नव्हे, फसवणूक. आणि इथं गंमत आहे. 1916 च्या त्याच निवडणुकीत विल्सन यांच्यासाठी मतं मागितली गेली ती ‘यांनी आपल्याला युद्धापासून दूर ठेवलं’ असं सांगून. पाच महिन्यांत त्यांनी युद्ध मागितलं. रँकिनबाई शांततेच्या बाजूच्या आहेत हे मोंटानाला माहीत होतं. मग मतदारांना सोडून कोण गेलं, नाही म्हणणारी की हो म्हणायला लावणारा? विल्सन यांची बाजूही खरी आहे. मधल्या काळात जर्मनीच्या पाणबुड्या अमेरिकन जहाजं बुडवू लागल्या होत्या. परिस्थिती बदलली की मत बदलू शकतं. पण बदललेल्या मताला आपण ‘समंजस’ म्हणतो आणि न बदललेल्याला ‘हट्टी’, हे जरा सावकाश म्हणायला हवं.

पुढं राज्याच्या विधिमंडळानं मोंटानाचे दोन मतदारसंघ केले आणि बाईंचं गाव विरोधी पक्षाचा जोर असलेल्या बाजूला गेलं. त्यांनी सिनेटसाठी प्रयत्न केला. तिकडे उमेदवारी वरून पुढाऱ्याकडून येत नाही, पक्षाच्या उमेदवारासाठीही आधी मतदान होतं. त्यातच त्या हरल्या. युद्धाचं मत हे एक कारण, खाणकामगारांची बाजू घेऊन खाणमालकांशी घेतलेलं वैर हे दुसरं. पुढची वीसेक वर्षं त्या शांततेचं काम करत राहिल्या आणि 1940 साली, साठाव्या वर्षी, पुन्हा निवडून आल्या. या वेळीही आपली मुलं परक्या युद्धात पाठवायची नाहीत असंच सांगून.

आणि मग 7 डिसेंबर 1941. जपाननं पर्ल हार्बरवर बाँब टाकले, दोन हजारांवर माणसं मेली. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी युद्ध मागितलं. रँकिनबाईंनी बोलायची परवानगी मागितली, अध्यक्षांनी ती दिली नाही. सहकारी येऊन विनवत होते की निदान तटस्थ राहा, ठराव सर्वानुमते होऊ दे. बाई म्हणाल्या की स्त्री म्हणून मी युद्धावर जाऊ शकत नाही, आणि दुसऱ्या कुणाला पाठवायलाही माझा नकार आहे. निकाल, 388 विरुद्ध 1. सिनेटमध्ये 82 विरुद्ध शून्य. बाहेर लोक इतके चवताळले की बाई टेलिफोनच्या खोक्यात शिरल्या आणि पोलिसांनी त्यांना खोलीपर्यंत पोचवलं. ज्या भावानं निवडून आणलं त्याचीच तार आली, मोंटाना शंभर टक्के तुझ्या विरुद्ध आहे.

माझ्या वाचक मैत्रिणींना वाटेल की आता ही अहिंसेची जयजयकार करणार. नाही. 1917 ला मी बाईंबरोबर आहे, 1941 ला नाही. आपल्याकडे लहानपणी पाठशाळेत हिंसेचे चार प्रकार शिकवतात: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. श्रावकानं संकल्पी हिंसा, म्हणजे ठरवून केलेली, सोडायचीच. पण अंगावर चालून आलेल्याला थोपवताना होणारी विरोधी हिंसा गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही, हे आपल्या आचार्यांनी मान्य केलं आहे. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वरापुढे आपण डोळे मिटून उभ्या राहतो ना? दहाव्या शतकात ती मूर्ती घडवून घेणारा चामुंडराय हा सेनापती होता. घरावर बाँब पडल्यावर आणि तिकडे हिटलर युरोप गिळत असताना, मी त्या सभागृहात असते तर जड मनानं हो म्हटलं असतं. मुनींचं व्रत राज्याच्या खांद्यावर घालता येत नाही.

मग जिचं मत मला पटत नाही, तिच्यापुढे मान का झुकते? हे स्वतःला नीट विचारलं, कारण नुसत्या एकटेपणाला मोठेपण देणं धोक्याचं आहे. एकटा माणूस चूकही असतो, हेकटही असतो. ‘सगळं जग वेडं, मी शहाणा’ म्हणणारा एक तरी प्रत्येक घराण्यात असतो. मला वाटतं, फरक किमतीत आहे. हेकट माणसाच्या नकाराची किंमत दुसरे भरतात. रँकिनबाईंनी ती स्वतः भरली. त्यांच्या मतानं युद्ध अडलं नाही, एक तासही लांबलं नाही. त्यांनी ठरावाला खीळ घातली नाही, निकाल नाकारला नाही. मत दिलं, मोजू दिलं, आणि 1942 ला पुन्हा उभ्याच राहिल्या नाहीत. दोनदा खुर्ची मिळाली आणि दोन्हीदा ती मतापेक्षा स्वस्त धरली. अपरिग्रह आपण दागिन्यांपुरता आणि साड्यांपुरता बोलतो. पदाचा, चांगलं म्हणवून घेण्याचा, सगळ्यांत सामावून राहण्याचा परिग्रह सोडणं किती अवघड आहे, हे त्या लाल वहीनं मला शिकवलं.

या एका मताचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. उपयोग एवढाच की ‘388 विरुद्ध 1’ असं लिहिलं गेलं, म्हणून बाकीचे 388 हात खरे ठरतात. नाही म्हणायची सोय होती, नाही म्हणणारीला नाव होतं, आणि तरी इतक्यांनी हो म्हटलं. जिथं नाही म्हणताच येत नाही तिथल्या एकमताला काय अर्थ? एका वर्तमानपत्राच्या नामांकित संपादकानं, विल्यम अॅलन व्हाइट यांनी, तेव्हाच लिहिलं की आम्हाला हे मत मुळीच मान्य नाही, पण काय हे धैर्य!

साठ वर्षांनी हेच पुन्हा घडलं. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर तीन दिवसांनी राष्ट्राध्यक्षाला लष्करी बळ वापरायची मुभा देणारा छोटासा ठराव आला. सिनेटमध्ये 98 विरुद्ध शून्य. प्रतिनिधिगृहात 420 विरुद्ध 1. ते एक मत कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचं. बार्बराबाई सरसकट युद्धविरोधी नव्हत्या. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की मुभा फार मोकळी आहे, दुःखाच्या भरात कोरा चेक देऊ नका. त्यांना जिवे मारायच्या धमक्या आल्या, संरक्षण द्यावं लागलं. पुढं त्याच ठरावाच्या आधारे एकामागून एक राष्ट्राध्यक्षांनी कितीतरी देशांत कारवाया केल्या. पण इथं मतदारांनी कारभारणीला हाकललं नाही, त्यांच्या मतदारसंघानं त्यांना पुढं वीस वर्षांहून जास्त निवडून दिलं.

आपल्याकडे हे घडेल का? आपल्याकडे 1985 साली पक्षांतरबंदीचा कायदा आला. आमदार-खासदारांची घाऊक खरेदी थांबावी हा त्याचा चांगला हेतू. पण त्यात असंही आहे की पक्षानं व्हिप काढला आणि सदस्यानं त्याविरुद्ध मत दिलं, तर पक्षानं माफ केलं नाही तर त्याची जागाच जाऊ शकते. तिकडे व्हिप आहे, पण तो समजावतो, धाक घालतो, निवडून दिलेली जागा काढून घेऊ शकत नाही. शिक्षा करायची तर मतदारांनी. आपला कायदा वाईट म्हणून मी मोकळी होणार नाही, तिकडेही पैसा आणि पक्ष माणसांना वाकवतातच. फक्त एवढं खरं, की आपल्या प्रतिनिधीचा हात वर गेला तर तो हात कुणाचा, हे आपण विचारायला हवं.

आणि दुसऱ्याचा हात विचारण्याआधी स्वतःचा. माझ्या बैठकीत ना व्हिप होता, ना पोलीस, ना तार पाठवणारा भाऊ. फार तर दोन दिवस कुणी बोललं नसतं. एवढ्याशा भीतीला मी दोन मुलींची फी दिली. नुसती दिली नाही, वर ‘सर्वानुमते’ म्हणून शिक्का मारला. खोटं बोलायचं नाही हे व्रत तोंडापुरतं नसतं, हाताचंही असतं.

पुढच्या बैठकीत मागचं इतिवृत्त वाचून दाखवताना मी म्हटलं, ‘वैनी, यात माझी एक दुरुस्ती आहे. त्या दिवशी माझा हात वर होता, मन नव्हतं. ठराव झाला तो झाला. पण आज मी उघड सांगते, तो फंड तिकडं वळवायला नको होता. हे माझं म्हणणं लिहून ठेवायचं आहे.’

सगळ्या गप्प. मग मागून एक आजी म्हणाल्या, ‘आता काय उपयोग गं बाई? पडदा शिवून पण आला की.’

अध्यक्षीणबाई थोड्या रागावल्या होत्या, ते दिसत होतं. पण म्हणाल्या, ‘लिही की. वही तुझ्याचकडं हाय न्हवं?’

मी लिहिलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. बैठक संपल्यावर दोघी माझ्याबरोबर जिना उतरल्या आणि हळूच म्हणाल्या, आम्हालाही तसंच वाटत होतं. मी विचारलं, मग मघाशी का नाही बोललात? त्या हसल्या. मला त्यांच्यावर रागावता आलं नाही, मागच्या बैठकीत मी काय केलं होतं? आम्ही तिघींनी मिळून एका मुलीची फी भरली. दुसरीची मुदत तोवर संपली होती, तिचं ते वर्ष गेलं. ते काही आता त्या वहीत लिहून भरून निघत नाही.